ओळ तीनशे अठरा

सिंदेवाहीच्या बियाणे गटाचं संकेतस्थळ,
सहाशे बारा फोटो,
आणि माझ्याआधीच्या पोरानं प्रत्येकापुढं
एकच शब्द डकवलेला: फोटो.
हिवराज मडावी म्हणाला,
कोणी उंबऱ्यात उभं राहून
नुसतं 'दार, दार' म्हणावं
आन् आत ये म्हणू नये, तसं वाटते.

हिवराज ऐकतो. जन्मापासून ऐकतोच.
त्याच्या मोबाईलमधली बाई इतक्या वेगानं वाचते
की मला नुसती सुपातली सळसळ,
त्याला त्यात खडासुद्धा लागतो.
मी लिहायचं, त्यानं तपासायचं.
फोटोमागं सहा रुपये, त्यातले दोन त्याचे.

पहिल्याच दिवशी धरलं त्यानं.
मी लिहिलं होतं: भाताचं शेत.
"भात ताटात असते, मॅडम.
बांधीत धान असते."
दोन वर्षं पुण्यात राहून आले, त्याचं हे फळ.
खोडलं.

मग: सुंदर निसर्गदृश्य.
"सुंदर हे तुमचं झालं. तिथं आहे काय?"
तिथं बोडी होती, पाणी अर्ध्यावर,
पाळीवर मोहाचं एक झाड,
झाडाला टेकवलेली सायकल,
सायकलच्या दांडीला डबा.
"डबा उघडा का बंद?"
बंद.
"म्हणजे जेवायचा आहे अजून,"
म्हणाला, आणि पुढच्या फोटोवर गेला.

नियम असा की शोभेच्या चित्राला वर्णन नको,
रकाना रिकामा ठेवा,
वाचणारी बाई न थांबता पुढं जाते.
वेलबुट्टी रिकामी ठेवली.
उद्घाटनाला आलेले पाहुणे,
अकरा फोटोंत तेच जोडलेले हात, तोच चष्मा,
तेही रिकामे ठेवले.
अध्यक्षबाईंनी विचारलं, हे कसं?
मी नियम दाखवला.
त्या तोंडाला पदर लावून किती तरी वेळ हसत होत्या.

तीनशे अठरा.
चिखलात ओणव्या बाया, चेहरा एकीचाही नाही.
लिहिलं: रोवणी करणाऱ्या सात बाया, पाठमोऱ्या.
डावीकडून तिसरी डाव्या हातानं परे खोवते.
बांधावर सहा जोड चपला. मागं ढगाळ आभाळ.
तक्त्यातला रकाना लाल झाला,
अक्षरं जास्त.
दुसऱ्या दिवशी कात्री लावली:
रोवणी करणाऱ्या सात बाया, मागं ढगाळ आभाळ.
मावलं. बरं दिसलं.

रात्री साडेनऊला फोन.
"काल तिसरी डावरी होती.
आज कुठी गेली?"
जागा पुरत नव्हती.
"चपला सहाच होत्या ना? नीट मोजल्या?"
मी फोटो मोठा केला, पुन्हा मोजल्या.
सहाच.
मग बराच वेळ पंख्याचा आवाज,
त्याच्याकडचा का माझ्याकडचा, कळेना.
"आमच्या गावात डाव्या हातानं रोवणारी एकच होती.
तिची ओळ उलटी जायची, बाया कावायच्या.
आन् रोवणीच्या दिवसात
ती चप्पल घरूनच घालत नव्हती."
कोण, ते मी विचारलं नाही.
"घाला परत," तो म्हणाला.
"लागलं तर आभाळ काढा.
आभाळाचं मले काय करायचं."

आभाळ काढलं.
तरी चार अक्षरं जास्त होती,
म्हणून 'करणाऱ्या' काढून 'करत्या' केलं,
व्याकरणाचं पाहून घेऊ कधी तरी.
नाव टाकू का तिचं?
"नको. ओळखणारा हातावरून ओळखते."

तक्त्यात एक रकाना असतो: बदलाचं कारण.
तो भरल्याशिवाय ओळ जतन होत नाही.
मी लिहिलं, आधीची माहिती अपुरी.
बदल कोणी सुचवला, तिथं त्याचं नाव.
या ओळीचे दोन रुपये त्यानं घेतले नाहीत,
मग मीही माझे लावले नाहीत,
हिशेबात तेवढाच घोळ राहिला.

तीनशे एकोणीस. एक सूप, रिकामं.
पुढं गेलेच होते,
परत आले:
कडेला फाटलेलं,
निळ्या दोऱ्यानं कोणी टाके घातलेत.
सात टाके.
शेवटचा वाकडा.